जीजींच्या गोळ्यांचा हिशोब



मागच्या पौर्णिमेला पाबळला पद्ममणी तीर्थावर दर्शनाला गेले होते. केंदूरहून पाबळ जवळच, त्यामुळे जमेल तेव्हा जाऊन येते. दर्शन झालं, चैत्यवंदन झालं, बाहेर येऊन पायरीवर बसले, तर ओळखीची एक बहीण शेजारी येऊन बसली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज खाली घेऊन म्हणाली, "भाभी, सासूबाईंना कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी मॉर्फीन लिहून दिलंय. घरात सगळे नको म्हणतात. ती अफूच असते ना? आपल्यात चालते का हो? तुमच्या जीजींच्या वेळी तुम्ही काय केलं होतं?"

मी तिला सांगितलं, "दे. डॉक्टरांनी सांगितली तशी, वेळच्या वेळी दे." तिला बरं वाटलं. मला मात्र घरी आल्यावर झोप लागेना. कारण तिच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नव्हतं. जीजींच्या वेळी मी काय केलं, ते आजवर घराबाहेर कुणालाच सांगितलेलं नाही. आज लिहिते. दर वेळेसारखी रेसिपी किंवा पर्युषणाची तयारी आज नाही, पण शेवटपर्यंत वाचा, कारण हा प्रश्न आज ना उद्या आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात येणार आहे.

जीजी म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. लहान वयात विधवा झाल्या, मूलबाळ नाही, म्हणून माहेरीच राहिल्या. मी लग्न होऊन केंदूरला आले तेव्हा बी.कॉम. झालेली सून म्हणजे गावात नवल होतं. सासऱ्यांनी दुकानाची रोजकीर्द आणि खतावणी माझ्यापुढे ठेवली, आणि जीजींनी धर्माची पुस्तकं. पच्चक्खाण कसं घ्यायचं, प्रतिक्रमणात कुठे उभं राहायचं, आयंबिलाचं काय चालतं काय नाही, सगळं त्यांनी शिकवलं. त्यांनी दोन वर्षीतप केले होते. चौविहार तर लहानपणापासून कधी चुकला नव्हता.

छातीतली गाठ त्यांनी बरेच महिने लपवली. आपल्या बायका लपवतातच. कळली तेव्हा ऑपरेशन झालं, केमो झाली, दोन वर्षं बरी गेली. मग पाठ दुखायला लागली. आम्ही तेल लावलं, शेक दिला. तपासणीत कळलं की आजार मणक्यात उतरलाय. ज्येष्ठ लागला तोवर अशी वेळ आली की कूस बदलायची म्हटली तरी त्या पदराचा बोळा तोंडात धरायच्या. मोठ्याने ओरडायच्या नाहीत. ज्या बाईने दोन वर्षीतप केले ती ओरडणार कशी?

पुण्याच्या डॉक्टरांनी मॉर्फीनच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहाला एकेक आणि रात्री दहाला दोन, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. दिवसाच्या सहा गोळ्या. "दुखायची वाट बघू नका, घड्याळ बघून द्या," असं स्पष्ट सांगितलं होतं.

घरी आल्यावर सगळ्यांची बैठक बसली. जेठजी म्हणाले, "अफू? आपल्या घरात?" त्यांचं भय उगाच नव्हतं. आपले पूर्वज मारवाडातून आले. तिकडे लग्नात, सोयरिकीत, तंटा मिटवताना पाहुण्याला अमल द्यायची रीत होती. तळहातावर अफूचं पाणी. त्या रितीने वाया गेलेल्या माणसांच्या गोष्टी प्रत्येक मारवाडी घरात आहेत, आमच्याही आहेत. महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्याही सांगतील, पूर्वी मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची बाळागोळी देऊन निजवायच्या. अफू म्हणजे घर बुडवणारी गोष्ट, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

जाऊबाई म्हणाल्या, "हे औषध सुरू झालं म्हणजे संपलंच समजा." धाकटे दीर म्हणाले, "अशाता वेदनीय कर्म आहे, भोगूनच संपेल. आयुष्यभर एवढी तपश्चर्या केली आणि शेवटी नशेत गेल्या तर गती बिघडेल." आणि रात्री दहाच्या गोळ्या? चौविहाराचं काय?

मी काय म्हणाले, असं विचाराल. मी काहीच म्हणाले नाही. सगळ्यांचं थोडं थोडं पटलं. गोळ्या फेकल्या नाहीत, त्या माझ्या कपाटात कुलपात ठेवल्या. एक वही केली आणि दुकानाच्या सवयीने त्यात तारीख, वेळ, दिलेली गोळी आणि शिल्लक लिहायला लागले. जीजी अगदीच कळवळल्या की एक द्यायची. दिवसात दोन, फार तर तीन. रात्री नाहीच. औषध जपून वापरलं, याचं मला मनातून समाधान होतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी वही बघायला मागितली. मी कौतुकाने दिली. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाल्या, "काकू, पंधरा दिवसांत नव्वद गोळ्या लागायला हव्या होत्या. चौतीस दिल्यात. छप्पन उरल्या."

"हो, जपून दिल्या," मी म्हणाले.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग या छप्पन गोळ्यांचं दुखणं कुणी सोसलं?"

मी आयुष्यभर हिशोब लिहिले. जमा बाजूला लिहिलं की त्याची नावे बाजू कुठेतरी असतेच, हे मी दुकानातल्या पोरांना शिकवायची. आणि माझ्या वहीत छप्पन गोळ्या शिल्लक दिसत होत्या, त्यांची नावे बाजू व्हीलचेअरवर माझ्याशेजारी बसली होती, ती मला पंधरा दिवस दिसली नव्हती.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास घालवून जे समजावलं, ते माझ्या शब्दांत सांगते.

मॉर्फीन अफूपासूनच काढतात, हे खरं. अफू खसखशीच्या बोंडाच्या चिकातून येते, म्हणजे वनस्पतीच. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर तिची शेती होते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यापासून औषधी द्रव्यं काढतात. पण डॉक्टरने मोजून दिलेली गोळी आणि ओट्यावर बसून घेतलेला अमल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमली माणूस झिंग यावी म्हणून घेतो आणि त्यापायी घर, काम, माणसं विसरतो. कॅन्सरचा रुग्ण दुखणं थांबावं म्हणून घेतो आणि ते थांबल्यावर घराकडे, माणसांकडे परत वळतो. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम बंद करायचं नसतं, डॉक्टर हळूहळू उतरवतात. पण व्यसन म्हणजे हे नव्हे. देखरेखीखाली अशा दुखण्यासाठी घेणाऱ्याला व्यसन लागायचा धोका कमी असतो. अगदी शून्य नसतो, म्हणून तर डॉक्टर हिशोब मागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या दुखण्यासाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. थोड्या दुखण्याला पॅरासिटामॉलसारखं साधं औषध, मध्यम दुखण्याला कोडीन किंवा ट्रॅमाडॉलसारखं सौम्य ओपिऑइड आणि तीव्र दुखण्याला मॉर्फीन. शक्य तोवर तोंडाने आणि घड्याळ लावून. घड्याळ का, तर साध्या गोळीचा असर चार तासांच्या आसपास टिकतो. तो उतरू दिला की दुखणं पुन्हा डोकं वर काढतं आणि मग तेवढ्याच गोळीने ते खाली बसत नाही. मी कळवळण्याची वाट बघत होते, म्हणजे दर वेळी दुखण्याला पूर्ण चढू देत होते.

"हे दिलं म्हणजे संपलं" हेही खरं नाही. योग्य मात्रेत दिलेलं मॉर्फीन आयुष्य कमी करत नाही. ते कधी सुरू करायचं हे दुखणं किती आहे त्यावर ठरतं, दिवस किती उरलेत त्यावर नव्हे. जीजी त्यानंतर सात महिने होत्या.

आता धर्माचं. मी पंडित नाही. पण ज्या शब्दांचा धाक घालून आपण नाही म्हणतो, ते शब्द नीट उघडून बघायला काय हरकत आहे?

आपण रोज पच्चक्खाण घेतो. चौविहाराचं घ्या, उपवासाचं घ्या. त्यात शेवटी आगार येतात, म्हणजे नियमातल्या सवलती. त्यातला एक आहे सव्वसमाहिवत्तियागार. आपण तो पोपटासारखा म्हणून टाकतो. मीही चाळीस वर्षं तसाच म्हणत आले. त्याचा अर्थ असा की तीव्र रोगाने, वेदनेने चित्ताची समाधी ढळत असेल, तर ती टिकवण्यासाठी औषध घेतल्याने पच्चक्खाण मोडत नाही. बघा, आपल्या पूर्वाचार्यांनी हा प्रसंग आधीच जाणला होता आणि नियमाच्या आतच त्याला दार ठेवलं होतं. ते दार उघडायचं सोडून मी कपाटाला कुलूप लावलं.

हा अर्थ मी पुस्तकात वाचला तेव्हा विश्वास बसेना. त्या चातुर्मासात जवळच्या गावी विराजमान असलेल्या साध्वीजी महाराजांना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "बरोबर वाचलंत. पण तुम्ही मला विचारायला आलात, ज्यांना दुखतंय त्यांना विचारलंत का?" नव्हतं विचारलं. एवढ्या बैठकीत जीजींना कुणीच विचारलं नव्हतं.

कर्म भोगून संपवायचं, हे दीरांचं म्हणणं. पण तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितलेत, त्यातला एक वेदनेतूनच येतो. 'हे दुखणं कधी जाईल, कधी जाईल' एवढंच ज्या मनात चालू आहे ते मन आर्तध्यानात आहे, आणि आर्तध्यानाने नवं कर्म बांधलं जातं. म्हणजे जुनं फेडता फेडता नवं कर्ज अंगावर. शिवाय निर्जरा दोन प्रकारची. स्वतः समजून-उमजून, समभावाने सोसलं ती सकाम. नाइलाजाने, तडफडत सोसलं ती अकाम. वर्षीतप जीजींनी स्वतः घेतला होता, ते तप. बिछान्यावरचं दुखणं त्यांच्यावर मी लादलं होतं. दुसऱ्याच्या अंगावर आपण तप कसं काय लादणार? एखाद्याने स्वतः, शुद्धीवर असताना म्हटलं की मला सोसायचंय, मला गोळी नको, तर ते त्याचं. त्याचा मान राखू. पण तसं म्हणण्याचा अधिकार ज्याला दुखतंय त्याचा आहे, कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याचा नाही. आणि ज्याला हो म्हणायचंय त्याला लाज वाटू नये, एवढं तरी घर असावं.

काही जणी संथाऱ्याचा विषय काढतात. संथारा ही पूर्ण शुद्धीत, स्वतःहून आणि गुरूंच्या आज्ञेने स्वीकारायची गोष्ट. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने त्यावर बंदी आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, तेव्हा आपण सगळ्यांनी हेच तर सांगितलं होतं की हा आत्म्याचा स्वतःचा निर्णय असतो, कुणी लादत नाही. मग लादलेल्या वेदनेला त्या पंक्तीत बसवू नका.

आणि वेयावच्च? आजाऱ्याची सेवा हे आपल्याकडे आभ्यंतर तप मानलंय. औषधदान हे दानांमध्ये मोजलंय. अनुकंपा हे सम्यक्त्वाचं लक्षण सांगितलंय. पांजरपोळात पाय मोडलेली गाय आली तर तिला दुखू नये म्हणून आपण डॉक्टर बोलावून इंजेक्शन देतो आणि त्यासाठी पावती फाडतो. गायीला दिलेलं चालतं, मग जीजींना का नाही?

त्या दिवसापासून गोळ्या वेळेवर दिल्या. सुरुवातीचे तीन-चार दिवस जीजींना गुंगी आली, मळमळलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, मळमळीची गोळीही दिली होती. ते ओसरलं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, त्यासाठी पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध द्यावंच लागतं. ते विसरलं की लोक मॉर्फीनला नावं ठेवतात. आठवड्याने जीजी उशीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "मुहपत्ती दे." अठ्ठेचाळीस मिनिटांचं पूर्ण सामायिक केलं. कित्येक दिवसांत पहिलं. धाकटे दीर दारात उभे राहून बघत होते. गती बिघडण्याबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत.

रात्रीच्या गोळीबद्दल जीजी स्वतःच म्हणाल्या, "आगार आहे, पण मनाला लागतं गं." डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर मात्रा स्थिर झाल्यावर त्यांनी त्वचेवर चिकटवायची फेंटानिलची पट्टी दिली. ती तीन दिवसांनी बदलायची. तोंडाने काही घ्यायलाच नको. चौविहार पुन्हा सुरू झाला. पट्टी गोळीपेक्षा बरीच महाग पडते आणि सगळ्यांना चालत नाही, पण विचारलं तर मार्ग निघतो. जिलेटिनच्या कॅप्सूलची शंका असेल तर गोळी किंवा पातळ औषध मिळतं का तेही विचारा. डॉक्टरांना आपले नियम सांगायला लाजू नका. आपण सांगत नाही आणि घरी येऊन औषध बंद करतो, ते जास्त वाईट.

आता दुसरी बाजू, कारण आपल्या घराचाच सगळा दोष नव्हता. पहिल्या चिठ्ठीचं औषध आमच्या भागात मिळालं नाही. हायवेवरच्या दुकानात चिठ्ठी दाखवली तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गुन्हा करायला आलेय. पुण्यालाच जावं लागलं.

असं का, हे मी पुढे वाचून काढलं. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला. व्यसनाला आळा घालायला तो हवाच होता. पण त्यात औषधासाठीचं मॉर्फीनही अडकलं. एका दवाखान्याला ते ठेवायला निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने, आणि चूक झाली तर कडक शिक्षा. हळूहळू दवाखान्यांनी आणि दुकानांनी ठेवणंच सोडलं. १९९७ मध्ये अख्ख्या देशाचा वर्षाचा मॉर्फीनचा वापर १८ किलोवर आला होता. हा आकडा वाचून मी वही ओढली. १८ किलो म्हणजे दहा मिलिग्रॅमच्या १८ लाख गोळ्या. जीजींसारख्या सहा गोळ्या रोज धरल्या तर तीन लाख दिवस. एका रुग्णाला तीन महिने धरले तर तीन हजार तीनशे माणसं. एवढ्या मोठ्या देशात! बाकीच्यांनी काय केलं असेल? पदराचा बोळा तोंडात धरला असेल.

केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१४ मध्ये संसदेने कायदा सुधारला. मॉर्फीन, फेंटानिल, कोडीन, मेथाडोन अशी काही औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त दवाखान्याला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. म्हणजे कायद्याचं दार आता उघडलंय. पण तालुक्याच्या गावात त्यातून आत जाणारं कुणी नाही.

पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, तिथे कॅन्सरच्या रुग्णांची वेदनाशामक सेवा विनामूल्य होते. मुंबईत टाटा मेमोरियलला त्याचा स्वतंत्र विभाग आहे, वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे. ही नावं लिहून ठेवा. पण मणक्याचं दुखणं घेऊन केंदूरहून वारज्याला जायचं म्हणजे शिक्रापूर, वाघोलीची वाहतूक आणि प्रत्येक खड्डा. ज्याला कूस बदलता येत नाही त्याला दर पंधरा दिवसांनी हा प्रवास कसा करवणार?

इथे मला आपल्या समाजाला काही म्हणायचंय. आपले ट्रस्ट दवाखाने चालवतात, नेत्रशिबिरं घेतात, डायलिसिसची यंत्रं देतात. महावीर जन्मकल्याणकाला रक्तदान होतं. फार चांगलं काम आहे. मग आपल्या किती दवाखान्यांत मॉर्फीन मिळतं? घोडनदी, दौंड, शिक्रापूर असल्या ठिकाणी एकेका दवाखान्याने मान्यता घेतली, एका डॉक्टरला आणि दोन नर्सना प्रशिक्षण दिलं, तर आजूबाजूच्या गावांचा प्रश्न सुटेल. गोळी स्वस्त आहे. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते, गोळीवर लागत नाही, हीच काय ती अडचण. तुमच्यापैकी कित्येकींच्या घरात विश्वस्त आहेत. आज जेवताना विषय काढा.

आता एक कान उपटते, रागावू नका. वरचं सगळं वाचून कुणी आपल्या गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉलची पट्टी मागवू नका! आपल्यात एकीने दुसरीला गोळी द्यायची फार सवय. "माझ्या कंबरेला हिने फरक पडला, तू पण घे." ट्रॅमाडॉलही ओपिऑइडच आहे, २०१८ पासून तेही त्याच कायद्याखाली आलंय, आणि चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. गुडघेदुखी, कंबरदुखी, डोकेदुखी अशा वर्षानुवर्षं चालणाऱ्या दुखण्यांना ही औषधं सहसा योग्य नाहीत. व्यायाम करा, वजन उतरवा, दुसरे उपाय आहेत.

अमेरिकेत काय झालं ते बघा. १९९६ मध्ये तिथे ऑक्सिकोडोनची एक नवी गोळी आली. व्यसनाचा धोका कमी आहे असं सांगून कंपनीने ती साध्या पाठदुखीलाही सर्रास खपवली. लोकांना फसवल्याचं कंपनीने २००७ मध्ये कोर्टात कबूल केलं, पण तोवर फार उशीर झाला होता. पुढे रस्त्यावरचं बेकायदा फेंटानिल आलं, आणि २०२१ या एका वर्षात तिथे ओपिऑइडच्या अतिसेवनाने ८० हजारांच्या आसपास माणसं गेली. आपली मुलं-सुना तिकडे आहेत, त्यांना विचारा. तिकडे ज्यांना नको त्यांना मिळालं. इकडे ज्यांना हवं त्यांना मिळत नाही. तिकडचं बघून इकडच्या कॅन्सरच्या रुग्णाचं औषध रोखणं म्हणजे शेजारच्या गावात पूर आला म्हणून आपल्या गावचा पाण्याचा टँकर परत पाठवण्यासारखं आहे. आणि आमच्या केंदूरने टँकरची वाट खूप बघितली आहे.

घरात ही औषधं आली तर कुलूप हवंच. माझं कुलूप चुकीचं नव्हतं, त्यामागचा विचार चुकला होता. मुलांच्या हाती लागू नये म्हणून कुलूप लावा, आजाऱ्यापासून लपवायला नको. वही ठेवा, आणि त्यात शिल्लक लिहिता तसं दुखणं दहापैकी किती तेही लिहा. जास्त असराची लांबवलेली गोळी तोडून किंवा कुटून देऊ नका. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून टाका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगा. माणूस उठवूनही उठत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, तर लगेच दवाखाना गाठा. आणि माणूस गेल्यावर उरलेल्या गोळ्या ज्या केंद्रातून आणल्या तिथे परत करा, शेजारणीला देऊ नका.

त्या वर्षी संवत्सरीचं प्रतिक्रमण जीजींनी बसून केलं. नंतर सगळे पाया पडले. माझी पाळी आली तेव्हा मी ती वही हातात घेऊन गेले. चौतीस आणि छप्पन, ते पान उघडून दाखवलं आणि म्हणाले, "जीजी, मिच्छामि दुक्कडम्. दर वर्षी नुसतं म्हणते, या वर्षी कशाबद्दल ते लिहिलेलं आहे."

त्यांनी चष्मा लावून पान पाहिलं. हसल्या. म्हणाल्या, "अगं, तू हिशोब खरा लिहिलास म्हणून तर तिला कळलं. खोटा लिहिला असतास तर मी अजून बोळाच चावत बसले असते." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण विचारायचं होतंस एकदा."

पौष महिन्यात जीजी घरीच, नवकार ऐकत शांतपणे गेल्या. वही अजून माझ्याकडे आहे.

पाबळच्या बहिणी, तू हे वाचशील. तुला मी "दे" म्हणाले, ते बरोबरच आहे, पण त्याआधीचं एक राहिलं. सासूबाईंजवळ बस, आणि त्यांना किती दुखतंय, त्यांना काय हवंय, ते आधी विचार.

जय जिनेंद्र.